किमान दोन माणसं

एकट्या बाईला फ्रान्समध्ये लग्न मोडता येतं, निवडणूक लढवता येते, चार बाया जमवून सरकारही पाडता येतं; फक्त भर चौकात एकटीनं बसून दुपारचं जेवण करता येत नाही, असं वरच्या मजल्यावरच्या मादाम प्युजोलचं ठाम मत होतं.

"संडासाच्या दाराशी बसवतात," त्या म्हणाल्या. "मला तीनदा बसवलंय. आणि दार एकदाही नीट लागत नव्हतं."

हे मत ओदीलनं मागितलं नव्हतं. पण आदल्या रात्री नवऱ्याशी झालेलं भांडण स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवून झालं होतं, आणि दिजोंमधल्या त्या इमारतीच्या मधल्या बोळात आवाज वर चढताना विरत नाही, उलट दाट होत जातो. पदार्थविज्ञानाला हे मान्य नाही. पण पदार्थविज्ञान कधी तिथं भाड्यानं राहिलेलं नाही.

भांडण असं होतं. गेली बावीस वर्षं ओदील आणि तिचा नवरा रेजिस जुलैचे तीन आठवडे रेजिसच्या बहिणीच्या बागेत, चाकांवरच्या एका डब्यात काढत. डब्यात दोन माणसं झोपू शकत, पण एका वेळी एकच कूस बदलू शकत असे. यंदा ओदीलनं काटा-चमचा खाली ठेवून जाहीर केलं, "जुलैत मी लिस्बनला जाणार आहे. एकटी."

"एकटी?" रेजिस म्हणाला. "तुला माझ्याशिवाय स्टेशनवर फलाट सापडत नाही."

"मला फलाट सापडतो. तूच चुकीच्या फलाटावर उभा राहून मला हाका मारत असतोस."

रेजिस स्वभावानं वाईट नाही. तो फक्त शांतपणे बरोबर असतो, आणि हे वाईट असण्यापेक्षा सहन करायला कठीण. त्यानं चीजचा तुकडा कापला, पावावर ठेवला आणि तोडगा काढला. "एक दिवस. कुठल्याही गावात एक आख्खा दिवस एकटीनं काढून दाखव. 'ये मला घ्यायला' असा फोन न करता. जमलं तर लिस्बन. नाही जमलं तर बहिणीची बाग, आणि कुरकुर नाही."

"मंजूर."

"दुपारी बाराच्या आत फोन येईल," रेजिस म्हणाला आणि चीज खाल्लं.

गाव ठरवायला वेळ लागला नाही. नणंदेकडे जाताना आगगाडीतून दर वर्षी मोंब्रिसालचा दगडी घंटामनोरा दिसायचा, खालच्या जुन्या गावानं अंगाला बिलगून घेतलेला. दर वर्षी ओदील म्हणायची, "एकदा उतरून वर चढून बघू या." दर वर्षी रेजिस म्हणायचा, "पुढच्या वर्षी." बावीस पुढची वर्षं अशी मागं पडली होती.

बुधवारी सकाळी ती निघाली तेव्हा जिन्यात शेजारी जमले होते, जशी काही ती अंटार्क्टिकाला चालली होती. तळमजल्यावरचे निवृत्त तिकीट तपासनीस मस्यू ब्रेनो यांनी तिला शिट्टी दिली. "वाजवायची नाही," ते म्हणाले, "फक्त जवळ असू द्यायची." मादाम प्युजोलनी कानात शेवटची युक्ती सांगितली, "टेबलाशी बसायचं आणि म्हणायचं, 'माझे मिस्टर गाडी लावताहेत.' मग ते येतच नाहीत. मी केलंय. वाढप्याला इतकी दया आली की शेवटचं गोड फुकट दिलं."

"खोटं बोलून खाल्लेलं अन्न अंगी लागत नाही," ओदील म्हणाली.

"लागतं," मादाम प्युजोल स्वतःच्या कमरेकडे पाहत म्हणाल्या.

मोंब्रिसालला उतरेपर्यंत सगळं सुरळीत होतं. फलाट एकच होता आणि तो तिला लगेच सापडला. सकाळी खायचं स्टेशनबाहेर घेऊ म्हणून ती उपाशी निघाली होती. आता, या गावात बेकऱ्या दोन. एक बुधवारी बंद असते, दुसरी सोमवारी, म्हणजे गाव कधी पावाविना राहू नये. या कराराला दोन पिढ्यांचा मान आहे. पण सोमवारी बंद असणाऱ्या बेकरीच्याही दारावर आज कागद डकवला होता: मुलीचं लग्न. शुक्रवारी भेटू.

तिथंच एक म्हातारी चाकांची पिशवी घेऊन दार हलवून बघत होती. सिदोनी तिचं नाव. ते ओदीलला दुपारी कळलं. आत्ता ती दाराशी बोलत होती. "चौथं लग्न! चौथं!"

"मुलीचं चौथं?" ओदीलनं विचारलं.

"चौथ्या मुलीचं. एकच मुलगी असती तर आज गावाला पाव मिळाला असता." आणि ती खडखडत निघून गेली.

पोटात कावळे ओरडत असताना माणसानं सरकारी कचेरीत जाऊ नये. ओदीलला हे कळायला हवं होतं, कारण ती स्वतः तीस वर्षं पाणीपट्टीच्या खिडकीमागे बसली होती. पण भूक आणि उत्साह यांचं मिश्रण डोक्यात गेलं आणि ती पर्यटन कचेरीत शिरून थेट म्हणाली, "मनोऱ्याचं एक तिकीट द्या."

टेबलामागच्या मुलीनं मान वर केली. लूसिल, असं तिच्या छातीवरच्या पट्टीवर होतं. ती काही क्षण ओदीलकडे बघत राहिली आणि मग अगदी सावकाश म्हणाली, "बोंझूर, मादाम."

ओदीलच्या कानापर्यंत रक्त चढलं. या देशात बोंझूर, म्हणजे नमस्कार, म्हटल्याशिवाय कुठलंच वाक्य सुरू होत नाही. कोणी बुडत असेल तर त्यानंही आधी बोंझूर म्हणावं आणि मग वाचवा म्हणावं. तीस वर्षं ओदीलनं याच एका शब्दानं भल्याभल्यांना खिडकीशी गार केलं होतं. एका न्यायाधीशाला तर तिनं पुन्हा दारातून आत यायला लावलं होतं. आज तिचंच हत्यार तिच्यावर चाललं, आणि तेही एका पंचविशीतल्या पोरीकडून, फार चांगल्या नेमबाजीनं.

"बोंझूर, मादमोआझेल," ती म्हणाली. "मनोऱ्याचं तिकीट."

"किती जण?"

"एक."

"एक आणि कोण?"

"एक आणि कोणी नाही."

लूसिलच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटली, ती आणखी वाईट. "वर जायला किमान दोन माणसं लागतात, मादाम."

"तुम्ही येता ना दाखवायला? मग झालो की दोन. मी एक, तुम्ही एक."

"मी माणूस नाही, मादाम. मी कर्मचारी आहे."

या उत्तरात ओदीलला खोट काढता येईना. तिनं स्वतः ते अनेकदा दिलं होतं.

"मी दोन तिकिटं घेते."

"मग दुसरी व्यक्ती हजर लागेल."

"ती खाली थांबेल. तिला उंचीची भीती वाटते."

"मग वर एकच व्यक्ती जाईल, मादाम. आणि वर जायला—"

"किमान दोन माणसं लागतात."

"बघा, तुमच्या लक्षात आलं," लूसिल कौतुकानं म्हणाली.

नकार दोन जातींचे असतात. एक कच्च्या मातीचा. बोट लावलं की ठसा उमटतो, थोडं दाबलं की वाट होते. दुसरा भट्टीतून निघालेला. तो फक्त फुटतो, आणि फोडायला वरून काहीतरी पडावं लागतं. हा दुसरा होता. ओदीलनं व्यावसायिक आदरानं तो पारखला आणि विचारलं, "नियम कोणी केला?"

"उपनगराध्यक्षांनी. मस्यू तावेर्निए."

"कुठं भेटतील?"

लूसिलनं घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता? मादाम, बारा वाजत आलेत." मेलेला माणूस आता कुठं भेटेल असं विचारल्यासारखा तिचा सूर होता. "दोननंतर चौकात लोखंडी गोळे फेकायचा खेळ खेळत असतील. मनोऱ्याची शेवटची फेरी साडेचारला आहे. दोन माणसं जमली तर." आणि तिनं दिवा मालवला.

फ्रेंच दुपार हा द्रव नाही, घन पदार्थ आहे. तिला कडा आहेत. बाराला ती सुरू होते, दोनला संपते, आणि त्या कडेवर बोट ठेवलं तर कापतं. या काळात गावातली प्रत्येक खिडकी, कुलूप आणि शंका बंद असते, आणि सगळी प्रजा जेवत असते. ओदील चौकात आली. अंसेल्मच्या खाणावळीबाहेर पाटीवर खडूनं लिहिलं होतं: मोहरीच्या रश्शातली कोंबडी. झाडाखाली एक टेबल रिकामं होतं, त्यावर उन्हाचे ठिपके हलत होते.

"बोंझूर," ओदील या वेळी आधीच म्हणाली.

"बोंझूर, मादाम! किती जण?" अंसेल्म हा मालक, मिशा भरघोस, फडकं खांद्यावर.

"एक."

मिशा थोड्या खाली आल्या. "या, या, आत या, छान जागा आहे," म्हणत त्यानं तिला आत, आणखी आत, शेवटच्या भिंतीपर्यंत नेलं. तिथं एक छोटं टेबल होतं. शेजारी एक दार होतं. दार नीट लागत नव्हतं.

मादाम प्युजोलचा चेहरा ओदीलच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. ती वळली. "मला बाहेरचं टेबल हवं."

"ते चौघांचं आहे."

"चौघं कुठायत?"

"येतील."

"सांगून ठेवलंय त्यांनी?"

"नाही. पण चौघं नेहमी येतात, मादाम. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा."

"माझाही तीस वर्षांचा आहे," ओदील म्हणाली आणि बाहेर येऊन टेबलाशेजारी उभी राहिली. "जो समोर आहे तो गिऱ्हाईक. जो येणार आहे ती अफवा."

झालं. हे वाक्य चौकभर ऐकू गेलं, आणि जेवणाऱ्यांचे काटे थांबले. दुसऱ्या देशात लोकांनी मान खाली घालून जेवण चालू ठेवलं असतं. इथं मात्र समोर तत्त्व पडलेलं दिसलं की कोणाला पाहून न पाहिल्यासारखं करता येत नाही. पहिला बोलला गोगलगायी खाणारा गावचा नोटरी. "तत्त्वतः मादाम बरोबर आहेत."

"तत्त्वतः तू गप्प बस," त्याची बायको म्हणाली. "तुझं थंड होतंय."

"पण उद्या प्रत्येक एकटा माणूस चौघांच्या टेबलावर बसला तर अंसेल्मनं खायचं काय?" पलीकडून कोणीतरी म्हणालं.

"म्हणजे एकट्याला पावपट भूक लागते का?" ओदील.

"तो मुद्दा नाही!"

"तोच मुद्दा आहे!" हे तिसऱ्याच टेबलावरून.

अंसेल्मनं टेबलाचं अर्थशास्त्र मांडलं. नोटरीनं प्रजासत्ताकाची तीन मूल्यं काढली आणि समता कुठं संपते, बंधुता कुठं सुरू होते ते काट्यानं टेबलक्लॉथवर आखून दाखवलं. आवाज ऐकून अंसेल्मची बायको बेर्त, जी स्वयंपाकीण होती, हातात पळी घेऊन बाहेर आली. "कोंबडी आटतेय आणि तुमचं काय चाललंय?" तिला दोन्ही बाजू सांगाव्या लागल्या. तिनं त्या नीट ऐकल्या, खुर्ची ओढून त्याच वादग्रस्त टेबलाशी बसली, दोन उपप्रश्न विचारले, आणि मग नवऱ्याला म्हणाली, "माझी आई विधवा झाली तेव्हा तू तिलासुद्धा त्या दाराशी बसवलं होतंस."

अंसेल्मच्या मिशा थरथरल्या. पण तो मोठ्या मनाचा माणूस, त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं, टेबल पुसलं, खुर्ची मागं ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मादाम, मी हरलो. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. बसा."

टाळ्या पडल्या. ओदील बसली. तिनं हातरुमाल मांडीवर पसरला. वर मनोऱ्यावर दोनचे टोले पडले.

बेर्तनं उठून एप्रन सोडला.

"कोंबडी..." ओदील म्हणाली.

"स्वयंपाकघर दोनला बंद, मादाम."

"पण मी जिंकले!"

"जिंकलातच ना," अंसेल्म प्रेमानं म्हणाला. "म्हणूनच बसा. हवं तितका वेळ बसा, कोणी उठवणार नाही. जेवण उद्या बारा वाजता."

पाणी मात्र त्यानं आणून दिलं, पुरा जग भरून. चौघांच्या टेबलावर एकटी बसून ओदीलनं ते राणीसारखं प्यायलं. बॅगेत फोन होता. एका फोनवर रेजिस पाऊण तासात गाडी घेऊन आला असता, येताना सँडविच आणलं असतं, आणि ते सँडविच तिला पुढची वीस वर्षं ऐकावं लागलं असतं. तिनं बॅगेची चेन लावली आणि आणखी एक ग्लास पाणी ओतलं.

मस्यू तावेर्निए चौकाच्या टोकाला, धुळीत वाकून, लोखंडी गोळा हातात तोलत होते. त्यांनी ओदीलचं सगळं ऐकून घेतलं, गोळा फेकला, तो कुठं पडला ते पाहून खंतावले, आणि मग म्हणाले, "मादाम, नियमामागं कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक माणूस एकटाच वर गेला. तेव्हाचा मार्गदर्शक बोलत बोलत खाली आला आणि कुलूप लावून घरी गेला. एकट्या माणसाला कोणी मोजत नाही हो. दोघं असते तर एक हरवल्याचं दुसऱ्यानं सांगितलं असतं. तो बिचारा रात्रभर घंटेखाली. दर तासाला टोले. सकाळी खाली आला तेव्हा त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागत होतं."

"त्यानं तक्रार केली?"

"नाही. तो निवडणुकीला उभा राहिला." तावेर्निएंनी टोपी काढून टक्कल पुसलं. "आणि निवडून आल्यावर त्यानं पहिला नियम हाच केला."

सिद्धान्तावर रागावता येतं. घंटेखाली रात्र काढलेल्या माणसावर रागावणं कठीण. "म्हणजे तुम्हाला विसरले," ती म्हणाली, "म्हणून आम्हा सगळ्या एकट्यांना शिक्षा? विसरणाऱ्याला नियम लावा ना. विसरल्या गेलेल्याला का?"

तावेर्निएंनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "हे मला सुचलं नव्हतं," ते म्हणाले. "पण नियम बदलायला बैठक लागते. बैठक सप्टेंबरात."

साडेचारच्या आधी ती परत पर्यटन कचेरीशी आली तेव्हा लूसिल दारात उभी राहून हात हलवत होती. "मादाम! मिळाला! दुसरा माणूस मिळाला!"

तो सायकलवाला होता, ब्रेस्तहून आलेला, केर्वेला नावाचा. डोक्यावर शिरस्त्राण, पायावर ग्रीसचे डाग. दोन वाजल्यापासून तोही दुसऱ्या माणसाची वाट पाहत होता. "चला," तो म्हणाला. "सुटलो."

ओदीलच्या तोंडून आपसूक शब्द निघाला, "नाही."

"माझ्यात काय वाईट आहे?" केर्वेला दुखावला.

"तुमच्यात काही नाही हो. तुम्ही आहात, हेच. मी एकटी आले आहे. तुमच्याबरोबर वर गेले तर मी दोघांतली एक होईन. बावीस वर्षं ते केलंय."

केर्वेलानं शिरस्त्राण काढून विचार केला. "खरं आहे," तो म्हणाला. "मी सात वर्षं एकटा फिरतो. वर जाऊन 'काय सुंदर आहे ना?' असं कोणी विचारलं की माझं बघणं तिथंच संपतं." आणि तो पायरीवर तिच्या शेजारी, पण पुरेसं अंतर ठेवून बसला.

चाकांची खडखड ऐकू आली. सकाळची म्हातारी पिशवी ओढत येत होती. खाणावळीतली बातमी गावात पसरली होती. "ती तूच का ग, टेबलवाली?" सिदोनीनं विचारलं. "मी ह्या मनोऱ्याखाली जन्मले. वर कधी गेले नाही. नवरा होता तोवर त्याचे गुडघे दुखायचे. आता तो गेला, माझे गुडघे ठणठणीत आहेत, तर ही पोरगी म्हणते दोन माणसं आण. कुठून आणू?" तिनं पिशवी उभी केली आणि तिसऱ्या पायरीवर ठाण मांडलं.

त्यानंतर एकेक येत गेले. घटस्फोटित न्हावी. नवरा समुद्रावर असलेली एक बाई. लग्न न केलेला आणि त्याबद्दल कधी खेद न वाटलेला औषधविक्रेता. अर्ध्या तासात पायऱ्यांवर नऊ माणसं झाली, सगळी एकटी, सगळी एकमेकांपासून हातभर अंतरावर. या देशात पायरीवर तीन माणसं बसली की तिला आंदोलन म्हणतात. नऊ म्हणजे जवळजवळ इतिहास.

लूसिलनं मोजलं आणि तिचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही नऊ आहात! नियम दोनचा आहे! चला की सगळे!"

"एकेकटे," औषधविक्रेता म्हणाला.

"पण एकत्र गेलात तर आत्ता जाता येईल!"

"एकत्र जायचं असतं," सिदोनी म्हणाली, "तर इथं कशाला बसलो असतो, बाळ?"

लूसिल रडकुंडीला आली. ओदीलला तिची दया आली. खिडकीच्या त्या बाजूचं दुःख तिला ठाऊक होतं. तिनं भिंतीवर चौकटीत लावलेला नियम वाचला. पुन्हा वाचला. आणि तीस वर्षांची पाणीपट्टी तिच्या डोळ्यांत चमकली. "मादमोआझेल, इथं लिहिलंय, 'प्रवेश किमान दोन व्यक्तींना.' प्रवेश. आम्ही नऊजण दारातून एकदम आत येतो. प्रवेश झाला. पुढं जिन्याबद्दल नियम काय म्हणतो?"

लूसिलनं वाचलं. "काहीच नाही."

"मग जिना आम्ही एकेकटे चढू."

नऊजण इतक्या गंभीरपणे, खांद्याला खांदा लावून, त्या अरुंद दारातून एकदम आत शिरले की केर्वेलाचं शिरस्त्राण चौकटीत अडकलं. तावेर्निएही आले. त्यांनी स्वतःसाठी खुर्ची मागवली, उघड्या दारात मांडली आणि दाराला पाठ लावून बसले. कुलपाची किल्ली त्यांनी खिशात टाकली. "मी असेपर्यंत हे दार लागणार नाही," ते म्हणाले, आणि वर गेलेल्या माणसाला अधूनमधून खालून हाक मारू लागले, "आहात ना?" वरून उत्तर येईपर्यंत त्यांना चैन पडत नसे.

पहिली सिदोनी गेली. फार वेळानं उतरली. तिनं पिशवीचा दांडा धरला, पुन्हा सोडला. "आमच्या छपरावरचं एक कौल सरकलंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आणि गाव केवढंसं आहे. जन्मभर मी उगाच ह्या लोकांना घाबरत होते."

कोणी तिला काही विचारलं नाही. त्यासाठीच तर सगळे एकटे होते.

रांग पुढं सरकत होती, पण सावकाश, कारण वर गेलेला कोणीच लवकर उतरायला तयार नव्हता. भांडण ज्यानं उकरलं त्यानं शेवटी जायचं, असं ओदीलनं स्वतःच ठरवलं होतं. आता तिच्यापुढं फक्त केर्वेला उरला, आणि दिजोंची शेवटची गाडी सुटायला वीसेक मिनिटं.

"तुमची गाडी जाईल," केर्वेला म्हणाला. "तुम्ही पुढं व्हा. नाहीतर असं करू, दोघं एकदम जाऊ. मी बोलणार नाही. तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही."

ओदीलनं हिशेब केला. पुढं घुसली तरी स्टेशन गाठायचं तर जिन्याच्या मध्यातून माघारी फिरावं लागेल. दोघं गेले तरी तेच. आत्ता निघाली तर गाडी मिळेल, दिवस पार पडेल, फोन न करता घरी पोचेल आणि लिस्बन मिळेल. फक्त मनोरा राहील, पुढच्या वर्षीपर्यंत. पुढच्या वर्षी हे शब्द तिला रेजिसच्या आवाजात ऐकू आले.

"जा तुम्ही," ती केर्वेलाला म्हणाली. "आणि घाई करू नका. नीट बघा."

तिची पाळी आली तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. दगडी जिना गोल गोल वर जात होता, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. पोट अजून रिकामंच. वर आली आणि कठड्याला धरून उभी राहिली. खाली कौलांची लाल-तपकिरी गर्दी, चौकातलं झाडाखालचं टेबल, त्यापलीकडे द्राक्षांच्या ओळी. आणि त्या ओळींमधून दिजोंची गाडी निघाली होती. दर जुलैत जिथून ती या मनोऱ्याकडे बघायची, त्या खिडक्या एकेक करून पुढं सरकत गेल्या. गाडी वळणाआड गेली.

ओदीलनं बॅगेची चेन उघडली आणि फोन लावला.

"हं!" रेजिसचा आवाज आनंदानं भरून आला होता. "पावणेआठ! मी बाराच म्हटलं होतं, पण ठीक आहे, चांगली टिकलीस. किल्ली हातात आहे माझ्या. कुठं येऊ घ्यायला?"

"कुठंही येऊ नकोस. गाडी चुकली, हे कळवायला फोन केलाय. मी आज इथंच राहणार."

"म्हणजे हरलीस. फोन केलास."

"'ये मला घ्यायला' असा फोन करायचा नव्हता. मी म्हटलं का तसं?"

रेजिसही फ्रेंच होता. तत्त्व समोर पडलेलं त्यालाही दिसलं. "पण दिवसाचं ठरलं होतं," तो म्हणाला. "रात्रीचं नाही."

"रात्र माझ्याकडून जास्तीची."

"आहात ना?" खालून तावेर्निएंची आरोळी आली.

"हा कोण पुरुष ओरडतोय?" रेजिसनं विचारलं.

"उपनगराध्यक्ष."

"जेवलीस का?" त्यानं शेवटी विचारलं, आणि त्या आवाजात खरी काळजी होती.

"नाही. पण टेबल जिंकलं."

"ओदील, पोरखेळ पुरे. मी पाऊण तासात पोचतो. एकट्या बाईला हॉटेलात खोली देत नाहीत नीट. दोघांचीच असते. दोघांचा पलंग असतो."

"असू दे. मी तिरकी झोपेन."

"आणि लिस्बन?"

"लिस्बनलाही."

"मादाम!" खालचा आवाज आता घाबरा झाला होता, तावेर्निए खुर्चीवरून उठून जिन्यात डोकावत होते. "मादाम, आहात ना वर?"

ओदीलनं फोन बंद केला. दोन्ही हातांनी कठडा धरला, फुप्फुसं भरून हवा घेतली आणि चौकातल्या चौघांच्या टेबलापासून द्राक्षांच्या शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली,

"आहे!"